एकट्याची होडी

साठी उलटल्यावर माणसाने काय विकत घ्यावे याविषयी आपल्या शास्त्रकारांनी काहीच लिहून ठेवलेले नाही. काय सोडावे याची यादी मात्र भली लांबलचक आहे. त्या यादीत जुन्या शीडहोडीचा उल्लेख नाही. तेव्हा ती घ्यायला हरकत नसावी असा सोयीस्कर अर्थ मी लावला आणि गेल्या वर्षी ऐन दिवाळीच्या सुमारास इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर होड्या पाहत हिंडू लागलो.

मुहूर्त मुद्दाम साधला होता असे नाही. जुन्या होड्या पाहायच्या तर या देशात ऑक्टोबर-नोव्हेंबरसारखा हंगाम नाही. उन्हाळा सरतो, होड्या क्रेनने उचलून काठावर टेकू देऊन उभ्या करतात आणि मालकाच्या हातात हिवाळाभराच्या जागेचे बिल पडते. हे भाडे होडीच्या लांबीवर आकारतात. "ही होडी मी मेल्यावरच विकली जाईल" असे जूनमध्ये म्हणणारा माणूस ते बिल पाहिल्यावर बराच मवाळ होतो. इकडे आमच्या साउदॅम्प्टनच्या घरात चकलीचे घाणे निघत होते आणि मी जेवणाच्या टेबलावर भरती-ओहोटीची कोष्टके पसरून बसलो होतो.

आता, हे खूळ माझ्या डोक्यात शिरले कसे? मी मूळचा गुहागरचा. पण आमच्या घराण्याचा समुद्राशी संबंध नारळी पौर्णिमेला नारळ वाहण्यापुरताच. खवळलेल्या समुद्राला आमच्या वाडवडिलांनी लांबूनच नमस्कार केला. इंग्लंडात नोकरीला आल्यावर कचेरीतल्या एका मित्राने मला त्याच्या छत्तीस फुटी शीडहोडीवर नेले आणि पुढची पंधरा वर्षे दर उन्हाळ्यात मी त्याचा खलाशी झालो. मग त्याचे गुडघे गेले. त्याने होडी विकली आणि तो स्कॉटलंडात लेकीजवळ राहायला गेला. माझ्याकडे उरली एक पिवळी बरसाती आणि पंधरा वर्षांची सवय. दुसरा सोबती शोधून पाहिला. पण या वयात नवा मित्र मिळणे सोपे, त्याच्याबरोबर पहाटे चारला ओल्या कपड्यांत बसता येणे कठीण. म्हणून ठरवले, की लहानशी होडी घ्यायची आणि एकट्यानेच हाकायची.

हा बेत जाहीर केल्यावर आमची सौभाग्यवती दोन दिवस काही बोलली नाही. तिसऱ्या दिवशी भाजी चिरता चिरता तिने विचारले,

"अहो, पाण्यात पडलात तर वर कसे याल?"

"पडायचेच नाही, हा पहिला नियम आहे," मी म्हणालो.

"ते कळले. पण पडलात तर?"

आता या प्रश्नाची गंमत पाहा. जुनी होडी कशी घ्यावी यावर इंग्रजीत पुष्कळ पुस्तके आहेत. त्यांत तळाची परीक्षा आहे, इंजिनाची आहे, शिडाच्या कापडाची आहे. हा प्रश्न मात्र, असलाच तर, शेवटच्या पानांत कुठेतरी असतो. वास्तविक एकट्याने होडी हाकणाऱ्याचा पहिला प्रश्न हाच. सोबती असला तर तो होडी वळवून परत आणतो. एकटा माणूस पाण्यात पडला की होडी त्याच्यासाठी थांबत नाही. शिडात वारा असतो, ती आपली चालत राहते. आणि सुदैवाने ती थांबलीच, तरी तिची गुळगुळीत भिंत पाण्यापासून तीन-चार फूट वर असते. इथले पाणी जूनमध्येसुद्धा पंधरा अंशांच्या आसपास. काही मिनिटांतच बोटांतली ताकद जाते. फ्रान्सचा एरिक ताबार्ली हा एकट्याने अटलांटिक ओलांडण्याची शर्यत १९६४ आणि १९७६ साली दोनदा जिंकलेला दर्यावर्दी. १९९८ च्या जूनमध्ये आपल्या जुन्या, लाडक्या 'पेन द्यूक' होडीवरून तो रात्री वेल्सजवळच्या समुद्रात पडला. होडीवर इतर माणसे होती, तरी तो हाती लागला नाही. हे मी घरात सांगितले नाही. पण आमच्या घरात न सांगितलेल्या गोष्टी लवकर कळतात.

तिची समजूत घालावी म्हणून मी थोरामोठ्यांचे दाखले काढले. जोशुआ स्लोकम हा या पंथाचा आद्यपुरुष. अमेरिकेतल्या फेअरहेव्हन गावी एका कप्तानाने त्याला शेतात उभी असलेली एक मोडकी होडी फुकट दिली. स्लोकमने तेरा महिने खपून तिची एकेक फळी बदलली. सामानाचा खर्च ५५३ डॉलर ६२ सेंट. 'स्प्रे' या छत्तीस फूट नऊ इंचांच्या होडीतून तो १८९५ साली वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी निघाला आणि १८९८ साली एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा पुरी करून परतला. असे करणारा तो पहिलाच. 'स्प्रे'ची खुबी अशी, की सुकाणू बांधून ठेवले तरी ती आपली वाट सोडत नसे. हिंदी महासागरात कीलिंग बेटांपर्यंतच्या २७०० मैलांच्या पल्ल्यात, तेवीस दिवसांत मिळून सुकाणूवर आपण तीन तासांहून जास्त नव्हतो असे त्याने लिहून ठेवले आहे.

"पोहायला येत होते ना त्यांना?" ही म्हणाली.

"नव्हते येत."

"मग पुढे काय झाले त्यांचे?"

१९०९ साली तो त्याच होडीतून पुन्हा निघाला आणि पुन्हा कोणाला दिसला नाही, हे मला सांगावे लागले. ती "हं" म्हणाली. लग्नाला छत्तीस वर्षे झालेल्या माणसाला या "हं"चा अर्थ कोशात पाहावा लागत नाही.

मग मी आपल्याकडचा दाखला काढला. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टनची 'सुहेली' ही बत्तीस फुटी सागवानी होडी आमच्या मुंबईत बांधलेली. १९६८ च्या शर्यतीसाठी त्याला मोठी नवी होडी हवी होती. पैसा उभा राहिला नाही, म्हणून होती तीच घेऊन निघाला. नऊजण निघाले होते. ३१२ दिवसांनी, १९६९ च्या एप्रिलात, तो एकटाच प्रदक्षिणा पुरी करून परतला. वाटेत त्याचे आपोआप सुकाणू धरणारे यंत्र मोडले. तेव्हा शिडे कमी-जास्त करून त्याने होडीला तिचे तिलाच चालायला लावले. याच होडीच्या घाटाची 'तुरीया' गोव्यात बांधून अभिलाष टॉमी २०१८ साली निघाला. दक्षिण हिंदी महासागरात होडी उलटली, पाठीचा कणा मोडला, तीन दिवसांनी फ्रेंच जहाजाने त्याला वाचवले. आणि हा गृहस्थ २०२२ साली पुन्हा त्याच शर्यतीला उभा राहून दुसरा आला! हा दाखला मी अर्धाच सांगितला. उरलेला अर्धा पुण्याहून मेहुण्याने फोनवर पुरवला.

शेवटी तह झाला. होडी मी निवडायची. पण प्रत्येक होडी पाहायला तिनेही यायचे आणि तिचा प्रश्न तिने मालकाला विचारायचा.

पहिली होडी लाकडी, अठ्ठावीस फुटी, वार्निश असे, की त्यात पाहून भांग पाडावा. मालक तिच्याविषयी बोलताना आवाज खाली आणी, जणू ती झोपली आहे. हिने मागून फेरी मारली. होडीच्या पाठीवर सुबक सोनेरी अक्षरांत नाव होते आणि धरायला काही नव्हते. शिवाय लाकडी होडी म्हणजे गाय पाळणे. गोठा रोजच झाडावा लागतो. आम्ही चहा घेऊन उठलो.

दुसरी चौतीस फुटी, अलीकडच्या घाटाची. आत दिवाणखाना, मोटारीसारखे चाक, मागे पाण्याला टेकणारा पाट आणि चकचकीत शिडी. ही खूश झाली. खुशी मात्र दोनच मिनिटे टिकली. कारण खाली उभे राहून हात उंच करून तिने पाहिले, तर दुमडलेली शिडी सोडायची कळ वर, डेकच्या आत. म्हणजे घराला कुलूप आणि किल्ली घरात! माझी अडचण वेगळीच होती. चाकाशी उभे राहिले तर शिडाच्या दोऱ्या चार पावले पुढे. दोऱ्यांशी गेले तर चाक मागे. दोन माणसांचा संसार डोळ्यांसमोर ठेवून बांधलेली ती होडी. तिच्यावर एकटा माणूस सारखा धावतच राहणार.

तिसरी दोन कण्यांची, ओहोटीच्या चिखलात म्हशीसारखी निवांत बसणारी. स्वस्त होती. डेकवर पाय ठेवला तो भिजल्या पुठ्ठ्यासारखा दबला. आतला लाकडी थर पाण्याने कुजला होता. पुढे बोलणेच नको.

या हिंडण्यात माझा एक हिशेब पक्का होत गेला. एकट्याच्या होडीची लांबी फुटांनी मोजूच नये, हाताने मोजावी. सुकाणूचा दांडा मांडीला टेकवून बसलो असता शिडाची दोरी हाती येते का? इंजिन तिथून चालू होते का? नांगर मला एका हाताने उचलता येतो का? धक्क्याला लागताना होडीच्या मध्यावरून एकच दोर किनाऱ्यावर टाकला आणि इंजिन हळू पुढे ठेवले, तर ती धक्क्याला चिकटून उभी राहते का? कारण पुढचा आणि मागचा दोर एकाच वेळी टाकायला चार हात फक्त विष्णूला आहेत. कर्नल हॅस्लर हा या बाबतीत महापंडित. त्याची 'जेस्टर' पंचवीस फुटांची. डेकच्या मधोमध एक गोल झरोका ठेवून तो त्यात उभा राही आणि डेकवर पाऊल न टाकता शीड लहान-मोठे करी. १९६० साली अटलांटिकपार पहिली एकट्यांची शर्यत झाली, तीत चिचेस्टर चाळीस दिवसांत पहिला आला आणि हा अठ्ठेचाळीस दिवसांत दुसरा. पण कपडे कोरडे कोणाचे राहिले असतील, ते सांगायला नको.

चौथी होडी सापडली ती होड्यांचे सामान विकणाऱ्या दुकानातल्या फळ्यावर. हाताने लिहिलेली चिठ्ठी होती. मराठीत सांगायचे तर, 'पंचवीस फूट. एकाच हाताखालची. घेणाऱ्याने स्वतः यावे.'

मालकीण अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या बाई निघाल्या. शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या. होडी अजून पाण्यातच, हॅम्बल नदीत बर्सल्डनच्या अंगाला बोयाला बांधलेली. काठावरून छोट्या वल्ह्याच्या होडीतून जायचे होते. मी वल्ह्यांना हात घातला तर बाई म्हणाल्या, "तुम्ही पाहुणे," आणि आम्हा दोघांना वल्हवत घेऊन गेल्या.

ही होडी फोकबोटीच्या कुळातली. १९४२ साली स्वीडनमध्ये निघालेला हा घाट. लांब कणा, अरुंद अंग, पाण्यालगत बसणारी बुटकी भिंत आणि पाठीवर बाहेरून टांगलेले सुकाणू. आमची फायबरग्लासची, सत्तरच्या दशकातली. आत ताठ उभे राहता येत नाही. रंग उडालेला. पहिल्या दर्शनात मन हरखावे असे काही नव्हते.

पण आत बसलो आणि मला दिसू लागले, की इथे कोणीतरी पुष्कळ वर्षे एकटे राहिले आहे. किटली अशा जागी, की सुकाणू न सोडता हात जावा. पेन्सिल दोरीला बांधलेली. शिडांच्या दोऱ्यांच्या टोकांना गाठी: एकीला एक, दुसरीला दोन, तिसरीला तीन, अंधारात डोळ्यांचे काम बोटांनी करावे म्हणून. तळातल्या प्रत्येक तोटीशेजारी एक लाकडी खुंटी टांगलेली. तोटी तुटली तर पाणी शिरण्याआधी भोकात ठोकायला. डेकच्या मधोमध पुढून मागे एक घट्ट पट्टी ताणलेली आणि तिला अडकवायचा कमरेचा पट्टा बाईंनी अशा मापाने कापलेला, की डोलकाठीपर्यंत पोहोचता यावे, पण कडेबाहेर पडता येऊ नये. नवी होडी कारखान्यातून येते, तिच्यात यातले काही नसते. जुनी होडी घेताना आपण फायबरग्लास आणि लोखंड घेतो ते थोडेच; आधीच्या मालकाच्या सवयी विकत घेतो. बैलबाजारात दात पाहतात. पण आमचे आजोबा म्हणत, की बैल कोणाच्या हाताखालचा आहे ते आधी विचारावे.

बाईंनी मात्र माझीच परीक्षा घेतली. किती वर्षांचा अनुभव, कुठवर गेलात, हे काही नाही. त्यांनी विचारले, "एकटे असताना चहा कसा करता?"

सुदैवाने उत्तर ठाऊक होते. पुढचे शीड वाऱ्याच्या उलट्या बाजूला ओढून धरायचे, सुकाणूचा दांडा वाऱ्याखालच्या बाजूला बांधायचा. मग पुढचे शीड होडीला एकीकडे ढकलते, सुकाणू दुसरीकडे, आणि ती दोघांच्या भांडणात मधल्या मध्ये डुलत थांबते. लांब कण्याची होडी हे फार समजूतदारपणे करते. त्या पंधरा-वीस मिनिटांत चहा होतो, नकाशा पाहता येतो, शीड आखडता येते.

"आणि मागे जाताना?"

"लांब कण्याच्या होडीला मागे जाताना स्वतःची मते असतात, असे ऐकून आहे."

बाई हसल्या. तेवढ्यात आमच्या हिने पिशवीतून डबा काढून चकल्या पुढे केल्या आणि आपला प्रश्न विचारला.

बाईंनी उत्तर दिले नाही. त्या उठल्या, मागे गेल्या आणि वाकून खाली बोट दाखवले. टांगलेल्या सुकाणूच्या पात्यावर दोन्ही बाजूंना कांशाच्या पायऱ्या बोल्टने बसवलेल्या. एक पाण्याखाली हातभर, दुसरी पाण्याच्या पातळीशी. आणि डेकच्या कडेला, वर येताना धरायला, एक मजबूत कडी. "दरवर्षी जुलैत, माझ्या वाढदिवसाला, मी पाण्यात पडते," त्या म्हणाल्या. "सगळे कपडे घालून, लाइफजॅकेटसकट. शेजारच्या होडीवरचे गृहस्थ वल्ह्याची होडी घेऊन जवळ थांबतात. मी चढून वर येते आणि मग आम्ही केक खातो."

"या वर्षी?" हिने विचारले.

"या वर्षी तीनदा प्रयत्न केला. तिसऱ्यांदा त्यांनी मला ओढून घेतले." बस चुकली हे सांगावे त्या सुरात त्या म्हणाल्या, "म्हणून विकते आहे."

बराच वेळ कोणी बोलले नाही. ओहोटी लागली होती. पाणी होडीच्या अंगाला लागून खळखळत चालले होते. मग बाईंनी मला ओलांडून हिलाच विचारले, "तुम्ही यांना एकट्याला जाऊ देणार?"

"जाण्याचे ते बघतील," ही म्हणाली. "मी परत येण्याची व्यवस्था पाहायला आले आहे."

पुढचे सगळे व्यवहाराचे. होडी क्रेनने वर काढली आणि सर्व्हेअर छोटा हातोडा घेऊन तिच्या अंगावर टिचक्या मारत फिरला; कुंभाराकडे मडके वाजवून घेतात तसाच. खणखणीत आवाज आला तर ठीक, बद्द आला तर आत थर सुटले आहेत. फायबरग्लासला वर्षानुवर्षांच्या पाण्याने फोड येतात. फोड फोडला तर आतल्या द्रवाला शिर्क्यासारखा आंबट वास येतो. हिला या देवी आल्या होत्या, पण चार-सहाच आणि वरवरच्या. एका पितळी तोटीचा रंग खरवडल्यावर गुलाबी दिसला. म्हणजे पितळातले जस्त समुद्राने खाल्ले, ती बदलायची. डोलकाठीला धरून ठेवणाऱ्या पोलादी तारा चौदा वर्षांच्या. डोळ्यांना धडधाकट, पण विमा कंपनीला वय चालेना. तारांचा खर्च वजा जाऊन साडेआठ हजार पौंडांचे सात हजार सहाशे झाले. बाईंनी घासाघीस केली नाही. पट्टा मात्र तुमच्या उंचीच्या मापाने पुन्हा कापून घ्या, असे दोनदा बजावले.

होडी मेच्या सुरुवातीला पाण्यात उतरली. हिने नारळ आणला होता. तो साउदॅम्प्टनच्या भाजीवाल्याकडचा असल्यामुळे फुटायला वेळ लागला. पण होडी पुढे कुठेही न्यायची नाही, असे ठरले होते. जूनच्या पहिल्या रविवारी, बोयाला बांधलेल्या अवस्थेत, मी पिवळी बरसाती, बूट आणि लाइफजॅकेट घालून नदीत उडी मारली. शेजारी वल्ह्याच्या होडीत सौभाग्यवती, हातात घड्याळ.

थंडीने पहिल्यांदा श्वासच मिळेना. फुगलेले लाइफजॅकेट छातीशी असे आडवे आले, की सुकाणू समोर असून जवळ जाता येईना. बुटांत पाणी भरून पाय शिशासारखे झाले. खालची पायरी पायाला दुसऱ्या खेपेला लागली. गुडघा वर आला, मग हात कडीवर, मग पोटावर घसरत मी कॉकपिटमध्ये येऊन पडलो, जाळ्यातून ओतलेल्या बांगड्यासारखा.

"एक मिनिट चाळीस सेकंद," हिने वहीत लिहिले. तारीख घातली. खाली बरीच जागा मोकळी सोडली.

संध्याकाळी बाईंचा फोन आला. मी उठेपर्यंत हिने तो घेतला.

"बूट घातले होते का?" त्यांनी विचारले म्हणे.

"हो, मी घालायला लावले."

"मग ठीक," बाई म्हणाल्या. आणि चकलीच्या भाजणीत काय काय असते, ते त्यांनी लिहून घेतले.